डेस्मो: वेगाची देखभाल

सामान्य मोटारसायकलच्या इंजिनात व्हॉल्व्ह कॅममुळे उघडतो आणि स्प्रिंगमुळे मिटतो. अतिवेगात मात्र स्प्रिंग मागे पडते. उघडा राहिलेला व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळण्याचा धोका असतो. ड्युकाटीचे अभियंते फाबियो तालिओनी यांनी १९५६ मध्ये १२५ सीसी शर्यतीच्या गाडीत व्हॉल्व्ह मिटवण्याचे कामही कॅमकडेच सोपविले. हीच ‘डेस्मोड्रोमिक’ रचना. १९७२ मध्ये इमोला येथील २०० मैलांची शर्यत पॉल स्मार्ट यांनी याच रचनेच्या ७५० सीसी ड्युकाटीवर जिंकली.

जुनी डेस्मो बाळगणाऱ्याचे काम मात्र दुप्पट होते. प्रत्येक व्हॉल्व्हची उघडण्याची व मिटण्याची, अशी दोन्ही अंतरे तपासावी लागतात. ती बिघडल्यास व्हॉल्व्ह घट्ट बसत नाही, दाब गळतो आणि व्हॉल्व्ह जळू शकतो. नेमक्या जाडीची शिम बसविणारा कारागीर आधी शोधावा, गाडी नंतर घ्यावी.