भार वाहणारी लहान चाके

हैदराबादच्या बालानगर व जीडिमेटला या औद्योगिक वसाहतींत हाताने ओढावयाचा पॅलेट ट्रक नित्य दृष्टीस पडतो. त्याच्या पात्यांच्या टोकांखाली सुमारे ८० मिलिमीटर व्यासाची चाके असतात. मालाचा मोठा भार त्यांवरच येतो. नायलॉनचे चाक हलके फिरते, पण खडखडते व जमीन ओरबाडते. १९३७ साली जर्मनीत ऑटो बायर व त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधलेले पॉलियुरेथेन त्याहून मऊ असल्यामुळे जमीन जपते. मात्र भरल्या गाडीखाली ते एका जागी चपटते आणि अति उष्णतेने धातूच्या गाभ्यापासून सुटते. म्हणून माल उतरवूनच गाडी उभी करावी, आसात गुंतलेला दोरा रोज काढावा व भेग दिसताच चाके जोडीनेच बदलावीत. झिजल्या चाकाचा भार अखेर हमालाच्या पाठीवरच पडतो.