दोनदा रुजणारे भात

चैत्रात मुरबाडहून टोकावड्याकडे किंवा शहापूरहून डोळखांबकडे निघालात, की खाचरांच्या कडेला काळे चौकोन दिसतात. ते राब. शेण, पालापाचोळा, गवत आणि वर मातीचा थर रचून भाजलेल्या या जमिनीत मृगाच्या तोंडावर भाताचे बी पडते. भाजणीने तणाचे बी मरते, राखेचे खत होते. राबासाठी झाडांचे टहाळ तोडण्यावरून ठाणे-कुलाब्यातले शेतकरी आणि इंग्रजांचे वनखाते यांच्यात इतकी जुंपली, की १८८५ मध्ये मुंबई सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला.

ज्यासाठी हा सगळा खटाटोप, त्या घटनेला मराठीत एकच नाव नाही. मटकीला मोड येतात, कांद्याला कोंब फुटतो, शेतात बी उगवते आणि रुजते. हे शब्द एकमेकांच्या जागी बसत नाहीत. मटकीचा मोड म्हणजे तिचे पहिले मूळ. कोंब हा वर निघालेला शेंडा. 'उगवणे' संस्कृत 'उद्' आणि 'गम्' यांच्याकडून आले. वर येणे एवढाच त्याचा अर्थ, म्हणून सूर्यही उगवतो. जे दिसले ते उगवले. रुजणे मात्र मातीआड चालते.

'रुजणे'चे नाते वाढणे, चढणे या अर्थाच्या 'रुह्' धातूशी जोडले जाते. आरोहण त्यातलेच, झाडाला संस्कृतात 'महीरुह' म्हणतात. तहसील कचेरीत नवा कारकून 'रुजू' होतो, तो शब्द मात्र या कुळातला नाही. तो अरबी 'रुजूअ', म्हणजे परतणे, यावरून फारसीमार्गे दफ्तरात आला. 'रुजवात'ही त्याच घरची. मूळ अर्थ हिशेब ताडून पाहणे. आज आपण नव्या कामाची 'रुजवात' करतो, तेव्हा दफ्तरी शब्दाला शेतातला अर्थ चिकटलेला असतो.

उगवणे आणि रुजणे यांतला फरक भात स्वतःच दाखवते. ओलसर, हवेशीर मातीत त्याचे मूळ आधी जोर धरते. बी पाण्याखाली बुडाले, तर प्राणवायू कमी पडतो. मग मूळ मागे राहते आणि कोंब आधी वर धावतो. असे बी उगवलेले असते, रुजलेले नसते. म्हणून पेरल्यावर राबात तुंबलेले पाणी फोडून द्यावे लागते.

इथल्या भाताला तर दोनदा रुजावे लागते. तीन-साडेतीन आठवड्यांनी रोपे उपटून त्यांच्या मुठी बांधतात आणि चिखलात आवणी होते. उपटताना मुळे तुटलेली असतात. काही दिवस सगळे खाचर पिवळट, मलूल दिसते. नवी मुळे फुटली की रोप तरारते, पुढे फुटवे येतात, पोटरी धरते, निसवते.

पण त्या पिवळट दिवसांत नुसते बघून काही कळत नाही. बांधावरून वाकून एखादे रोप चिमटीत धरावे, हलके ओढावे. हातात आले नाही, तर रुजले.