नदी कशी गुदमरते?

पुण्याची रामनदी खाटपेवाडीजवळच्या डोंगरात उगम पावते आणि भूगाव, बावधन, पाषाण असा प्रवास करून औंधजवळ मुळेला मिळते. लांबी जेमतेम वीस किलोमीटर. वाटेत वस्ती वाढली तसे तिच्यात सांडपाणी येऊ लागले. अशा नदीत मासे विषाने मरतात, असे पुष्कळांना वाटते. कधी ते खरेही असते. पण बहुधा ते गुदमरून मरतात.

एक लिटर हवेत सुमारे २७० मिलिग्रॅम ऑक्सिजन असतो. हवेतून एक लिटर पाण्यात २५ अंश सेल्सिअसला फक्त ८ मिलिग्रॅमच्या आसपास विरघळतो. पाणी तापले की त्याहूनही कमी! एवढ्याशा शिध्यावर मासे, किडे, जीवाणू सगळे जगतात. शिवाय संथ पाण्यात ऑक्सिजन फार सावकाश पसरतो, हवेतल्यापेक्षा सुमारे दहा हजार पट सावकाश. दगडांवरून खळखळताना मात्र पाणी घुसळले जाते, बुडबुडे आत ओढले जातात आणि ऑक्सिजन भरभर विरघळतो. काठ बांधून नदी सरळ केली, दगडगोटे काढले, की ही खळखळ थांबते. आपण त्याला सुशोभीकरण म्हणतो.

आता थोडे गणित करू. सांडपाण्यातील सेंद्रिय पदार्थ जीवाणू खातात आणि ते करताना ऑक्सिजन वापरतात. घरगुती सांडपाण्याच्या एका लिटरला असा साधारण २०० मिलिग्रॅम ऑक्सिजन लागतो. म्हणजे ते स्वच्छ पाण्याच्या २५ लिटरांतला सगळा ऑक्सिजन संपवू शकते. मोठ्या नदीत तेवढे पाणी असते. उन्हाळ्यात आटलेल्या छोट्या नदीने ते आणायचे कोठून?

सांडपाण्यातील नायट्रोजन व फॉस्फरसवर शेवाळ आणि जलपर्णी माजतात. शेवाळ दिवसा ऑक्सिजन सोडते, रात्री मात्र फक्त वापरते. म्हणून पहाटे पाण्यात तो सर्वांत कमी असतो आणि मेलेले मासे बहुधा सकाळी दिसतात. जलपर्णीचा गालिचा तर हवा आणि उजेड दोन्ही अडवतो. त्याखालच्या चिखलात टिकतात त्या काही डासकिड्यांच्या लाल अळ्या. त्यांच्या अंगात आपल्यासारखेच हिमोग्लोबिन असते.

तुमच्या गावच्या ओढ्याची परीक्षा शाळेतच घेता येईल. दोन बाटल्या घ्या. एकीत विहिरीचे, दुसरीत ओढ्याचे पाणी काठोकाठ भरा. प्रत्येकीत मिथिलीन ब्ल्यूचे सारखेच थोडे थेंब टाकून घट्ट बूच लावा आणि अंधारात ठेवा. ऑक्सिजन संपला की निळा रंग उडतो. कोणत्या बाटलीतला रंग किती तासांनी गेला, ते वहीत लिहा. आणि हात साबणाने धुवा.