बिनतारी स्पीकर : वायफायचा की ब्लूटूथचा?

इंदूरला, बडोद्याला किंवा हैदराबादला राहणाऱ्या मराठी माणसाला पुणे केंद्र ऐकायचे झाले, तर एके काळी रात्र पडण्याची वाट पाहावी लागे. सूर्य मावळला की मध्यम लहरी आयनांबरावरून परतून दूरवर पोचत, आणि मग खरखरीतून का होईना, ओळखीची भाषा कानी पडे. आता ती प्रतीक्षा उरलेली नाही. आकाशवाणीची दोनशेंहून अधिक केंद्रे व वाहिन्या मोबाइल फोनवरच्या ॲपमधून दिवसाच्या कोणत्याही घटकेला ऐकता येतात. रत्नागिरी, सांगली, परभणी, नागपूर ही सारी केंद्रे कोलकात्याच्या श्रोत्यालाही सारख्याच अंतरावर आली आहेत. मात्र फोनचा आवाज तो केवढा! शेजारी बसलेल्याला ऐकू गेला तरी पुष्कळ. म्हणून घरोघरी एक लहानसा, उचलून कोठेही ठेवता येईल असा बिनतारी स्पीकर आणण्याचा विचार होतो, आणि दुकानाची पायरी चढताच दुकानदार विचारतो, "वायफायचा दाखवू की ब्लूटूथचा?"

या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा आवाजाच्या प्रतीवर दिले जाते. वायफायचा आवाज शुद्ध, ब्लूटूथचा जरा कमअस्सल, असे सांगितले जाते आणि त्या शुद्धतेचे चार पैसे जास्त घेतले जातात. हे सांगणे अगदी खोटे नाही. परंतु माझ्या मते खरा प्रश्न तेथे नाहीच. आवाज घरात आणतो कोण, आणि स्पीकर 'सोबत नेण्याजोगा' म्हणजे आपण तो नेणार कोठे, या दोन गोष्टी आधी ठरवल्या पाहिजेत.

प्रथम या दोन पद्धतींची ओळख करून घेऊ. ब्लूटूथचा जन्म १९९४ साली स्वीडनमधील लुंड या गावी, एरिक्सन कंपनीच्या प्रयोगशाळेत झाला. याप हार्टसन या डच अभियंत्याचा त्यात मोठा वाटा होता. हेतू साधा होता : दोन यंत्रांमधली हातभर तार काढून टाकायची. नाव मात्र दहाव्या शतकातल्या हाराल्ड नावाच्या डॅनिश राजाच्या टोपणनावावरून घेतले. शब्दशः अर्थ 'निळा दात'. त्याने जसे विखुरलेले प्रदेश एका छत्राखाली आणले, तशी ही योजना निरनिराळ्या कंपन्यांची यंत्रे एकत्र आणील अशी कल्पना. वायफायची प्रमाणपद्धती १९९७ साली ठरली आणि १९९९ पासून ती या नावाने ओळखली जाऊ लागली. तिचा हेतू अधिक व्यापक होता. संगणकांचे अख्खे जाळेच तारेवाचून घरात किंवा कचेरीत पसरायचे, हा.

गंमत अशी की दोघांचीही वाट बरीचशी एकच आहे. २.४ गिगाहर्ट्झच्या आसपासचा जो लहरींचा पट्टा बहुतेक देशांनी विनापरवाना वापरासाठी मोकळा ठेवला आहे, त्यातूनच दोघेही ये-जा करतात. रेडिओसंच घरात ठेवण्यासाठी टपाल कचेरीतून परवाना काढावा लागे, हे ज्यांना आठवत असेल त्यांना या मोकळीकीचे मोल कळेल. ब्लूटूथ या पट्ट्याचे ७९ अरुंद भाग पाडतो आणि सेकंदाला १,६०० वेळा एका भागावरून दुसऱ्यावर उडी मारतो. एखाद्या जागी गर्दी असली तर ती जागा टाळतो. वायफाय एक रुंद मार्ग धरून बसतो, आणि शिवाय ५ गिगाहर्ट्झचा दुसरा मार्गही त्याला खुला असतो.

परंतु आपल्या कामाचा भेद याहून निराळा आहे. ब्लूटूथच्या स्पीकरला स्वतःला काहीच आणता येत नाही. फोन आंतरजालावरून कार्यक्रम घेतो, तो उलगडतो, पुन्हा आवळतो आणि स्पीकरकडे पाठवतो. वायफायच्या स्पीकरचे तसे नाही. फोनवरून आपण फक्त सांगतो, की अमुक केंद्र लाव. पुढे तो स्पीकर घरातल्या राउटरमार्फत स्वतःच त्या केंद्राचा प्रवाह ओढून घेतो. जुन्या दिवसांतला दृष्टांत द्यायचा तर ब्लूटूथमध्ये फोन हा पाणक्या आहे आणि वायफाय हा घरात आलेला नळ आहे. पाणक्या गावाला गेला की हंडा रिकामा. नळाला पाणक्या लागत नाही. परंतु नळ आपण खांद्यावर टाकून बाहेर नेऊ शकत नाही.

एवढे ध्यानात घेतले की घरातल्या पुष्कळ तक्रारींचा उलगडा होतो. सकाळी मुलगा आपल्या फोनवरून ब्लूटूथच्या स्पीकरवर भक्तिगीते लावून देतो. आजी देवघरात ऐकत असते. साडेनऊला मुलगा फोन खिशात टाकून कामावर निघतो आणि जिन्याच्या दुसऱ्या वळणावर अभंग अर्ध्यावर तुटतो. संध्याकाळपर्यंत तो स्पीकर म्हणजे नुसता शोभेचा ठोकळा. मध्येच कोणाचा फोन आला तर गाणे थांबून घंटा स्पीकरवर खणखणते. आलेल्या निरोपाची टिंगटिंगही त्यावरच ऐकू येते. वायफायच्या स्पीकरवर एकदा लावलेले केंद्र फोन घराबाहेर गेला तरी सहसा चालूच राहते. शिवाय ज्यांना नुसत्या तोंडी आज्ञेने केंद्र लावता येते असे स्पीकर बहुधा वायफायवरच चालतात. ज्या घरात दिवसभर वृद्ध माणसे एकटी असतात आणि ज्यांना पडद्यावर बोट फिरवण्याची कला साधलेली नाही, त्या घरात हा भेद सोयीपुरता नसतो. दुपारची श्रुतिका ऐकण्यासाठी कोणाचे तरी तोंड पाहावे लागते की नाही, हे त्यावर ठरते. मात्र त्या यंत्राला आपल्या सासूबाईंचे बोलणे कितपत उमजते, हे विकत घेण्यापूर्वी दुकानातच त्यांना बोलायला लावून पाहावे. आणि तोंडी आज्ञा ऐकणाऱ्या यंत्राचा कान सदैव उघडा असतो. तो बंद करण्याची कळ कोठे आहे, तेही विचारून घ्यावे.

आता अंतर आणि भिंती. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे साडेबारा सेंटिमीटर, म्हणजे वीतभरही नाही. मध्यम लहरी शेकडो मीटर लांबीच्या. त्या डोंगराला वळसा घालून येत. या आखूड लहरी भिंत आली की दमतात, आणि पाणी त्यांना शोषून घेते. माणसाचे शरीर म्हणजे बहुतांशी पाणीच. त्यामुळे फोन मागच्या खिशात ठेवून स्पीकरकडे तोंड करून उभे राहिले, तर कधीकधी गाणे अडखळते. त्यात स्पीकरचा दोष नसतो. नेहमीचा ब्लूटूथ अवघ्या अडीच मिलिवॉट शक्तीवर चालतो आणि त्याची धाव मोकळ्या जागेत दहा मीटरच्या आसपास मानतात. राउटरची शक्ती त्याच्या कितीतरी पट असते, तेव्हा वायफाय दोन-तीन खोल्या सहज ओलांडतो. परंतु सलोह्याच्या काँक्रीटच्या भिंती आणि जुन्या वाड्यांचे हात-दीडहात रुंदीचे ओटे-भिंतडे यांपुढे त्याचेही फारसे चालत नाही, आणि ५ गिगाहर्ट्झचा मार्ग तर आणखीच लवकर हार खातो. स्पीकर स्वयंपाकघरात ठेवायचा असेल, तर मायक्रोवेव्ह भट्टीही २.४ गिगाहर्ट्झच्या शेजारीच काम करते, हे लक्षात असू द्यावे. तिच्यावर टेकवून स्पीकर ठेवू नये.

आवाजाच्या प्रतीविषयी मी आरंभी जरा फटकून बोललो, त्याचे कारण आता देतो. ध्वनिचकतीवर दर सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येकी १६ बिटांचे, दोन बाजूंना नोंदलेले असतात. म्हणजे सेकंदाला सुमारे १,४११ किलोबिट. ब्लूटूथची सर्वसाधारण पद्धती हे ओझे आवळून साधारण ३२८ किलोबिटांपर्यंत आणते. वायफायला एवढे आवळण्याची गरज नसते. कागदावर हा फरक चौपट दिसतो. पण ज्या डब्यातून हा आवाज निघणार, त्याचा पडदा असतो जेमतेम दोन इंचांचा. डग्ग्याचा घुमारा किंवा तंबोऱ्याच्या खर्जाची तार यांना हवा हलवावी लागते, आणि तेवढी हवा हलवणे त्या इवल्या पडद्याच्या आवाक्यातच नसते. शिवाय रेडिओकेंद्राचा प्रवाह मुळातच बराच आवळलेला येतो. त्याला रुंद रस्ता दिला म्हणून तो मूळपदावर येत नाही. तेव्हा शुद्धतेसाठी खर्च करायचा तर तो मोठ्या पडद्यासाठी आणि जड, घट्ट बांधणीच्या डब्यासाठी करावा. वायफायच्या नावावर नव्हे.

एक दोष मात्र कानाला तत्काळ जाणवतो, तो विलंबाचा. आवळणे, पाठवणे आणि उलगडणे यांत ब्लूटूथला सेकंदाचा पाचवा भाग सहज लागतो. ध्वनी हवेतून सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे सत्तर मीटर दूर उभ्या असलेल्या माणसाचे बोलणे ऐकण्यासारखे हे झाले. वायफायवर तर पुष्कळदा एक-दोन सेकंदांचा साठा आधी करून ठेवतात. नुसते ऐकायचे असेल तर याने काही बिघडत नाही. तंबोऱ्याचे ॲप लावून गायला बसणाऱ्यालाही अडचण नाही. तो जे ऐकतो त्याच्याशीच सूर जुळवतो. पण फोनवरच पेटीच्या पट्ट्या दाबून स्पीकरवर सूर काढू पाहणारा हैराण होतो, कारण बोट पुढे आणि सूर मागे. दूरदर्शनसंचाला असा स्पीकर जोडला तर ओठ आणि शब्द यांची फारकत होते. काही संच चित्र मागे ओढून ती सांधतात, काही सांधत नाहीत. या साऱ्या कामांना जुनी तारच उत्तम.

उलट, वायफायला साठा करण्याची जी मुभा आहे तिचा एक मोठा लाभ होतो. दोन-तीन खोल्यांतले स्पीकर एका घड्याळाने चालवता येतात, आणि दिवाणखान्यातून स्वयंपाकघरात जाताना त्याच शब्दाचा प्रतिध्वनी कानावर येत नाही. ब्लूटूथची रीत मूळची एकास एक अशी. काही उत्पादक आपल्याच घरच्या दोन स्पीकरांची जोडी जमवून देतात, पण दुसऱ्या घराण्याशी सोयरीक क्वचितच होते.

आता वीज गेली असे समजा. आपल्या देशात हे समजायला फारशी कल्पनाशक्ती लागत नाही. स्पीकरमध्ये बॅटरी आहे, फोनमध्ये आहे. राउटरमध्ये मात्र बहुधा नसते. म्हणून दिवे जाताच वायफायचा स्पीकर स्वतः जिवंत असूनही मुका होतो, आणि ब्लूटूथचा, फोनला मोबाइलचे जाळे मिळते तोवर, बातम्या सांगत राहतो. राउटरसाठी लहान बॅटरीसंच मिळतात. वायफायचा स्पीकर घेणाऱ्याने तो खर्च धरूनच हिशेब करावा. तीच गोष्ट प्रवासाची. भक्तनिवासात किंवा वसतिगृहात वायफाय असतो, परंतु तेथे आधी एका पानावर नाव-नंबर भरून आत शिरावे लागते, आणि स्पीकरला ते पान उघडताच येत नाही. आगगाडीत तर प्रश्नच मिटला.

राहता राहिली एक गोष्ट, जिचा विचार खरेदीच्या वेळी कोणी करीत नाही. नळ घरात असला तरी पाणी दुसऱ्याच्या टाकीतून येते. वायफायचे पुष्कळसे स्पीकर आपल्या कंपनीच्या दूरच्या संगणकांवर आणि तिच्या ॲपवर विसंबून असतात. जानेवारी २०२० मध्ये अमेरिकेतील सोनोस कंपनीने जाहीर केले, की तिच्या काही जुन्या उपकरणांना त्या वर्षीच्या मे महिन्यापासून नव्या सुधारणा मिळणार नाहीत. उपकरणे धडधाकट होती. ग्राहक संतापले आणि कंपनीच्या प्रमुखांना क्षमा मागावी लागली. मार्च २०२५ मध्ये गूगलच्या क्रोमकास्ट उपकरणांची एक जुनी पिढी आणि साध्या स्पीकरला वायफायशी जोडणारे क्रोमकास्ट ऑडिओ जगभर एकाएकी अडले. कारण काय, तर आत नोंदलेल्या एका दहा वर्षांच्या प्रमाणपत्राची मुदत संपली होती. काही दिवसांत दुरुस्ती झाली, पण तोवर मालकाच्या हाती काहीच नव्हते. ब्लूटूथला असा दूरचा धनी नाही. दहा वर्षांपूर्वीचा ब्लूटूथ स्पीकर आजच्या फोनशी जोडून पाहा. बॅटरी शाबूत असेल तर तो बोलेल.

तेव्हा ज्याला स्पीकर माजघरातून गच्चीवर आणि गच्चीवरून शेतावर, सासरी, सहलीला न्यायचा आहे, त्याने ब्लूटूथचा घ्यावा आणि वायफायसाठी एक पैसाही अधिक मोजू नये. ज्याची ने-आण घराच्या चार भिंतींतच होणार आहे, आणि ज्याच्या घरी फोनवाचून ऐकणारे कोणी आहे, त्याने वायफायचा घ्यावा. मात्र त्यात ब्लूटूथही आहे ना, हे पाहूनच. दोन्ही असलेले स्पीकर मिळतात, थोडे महाग असतात, आणि कंपनीने उद्या पाठ फिरवली तरी निम्मे तरी कामाचे उरतात. शक्य तर तार जोडण्याचे भोकही असलेला निवडावा.

दुकानात स्पीकर वाजवून दाखवताना विक्रेता हमखास ढोल-ताशांचे किंवा चित्रपटाचे दणदणीत गाणे लावतो. ते त्याला आवरते घ्यायला सांगावे आणि आवाज अगदी लहान करून कोणत्याही केंद्राच्या बातम्या लावाव्यात. दहा पावले दूर उभे राहून 'स' आणि 'श', 'प' आणि 'फ' वेगळे ऐकू येतात का ते पाहावे, आणि मग पाठ फिरवून फोन मागच्या खिशात टाकावा.