खर्ज कुठे गळतो?

उज्जैनला मे महिन्यात पारा सहज ४२ अंशांच्या वर जातो. अशा दिवसांत व्हॉल्व्हचा पॉवर अँप्लिफायर लावून गाणं ऐकायचं म्हणजे बैठकीत शेगडी पेटवून बसणं. ईएल३४ या पॉवर व्हॉल्व्हचा नुसता हीटर ६.३ व्होल्टवर दीड अँपिअर, म्हणजे साडेनऊ वॅट घेतो. प्लेटची उष्णता वेगळी. असे चार व्हॉल्व्ह असलेला स्टिरिओ अँप गाणं बंद असतानाही शंभरावर वॅट खोलीत ओततो. उलट प्रीअँपमधल्या ईसीसी८३ चा हीटर दोन वॅटही घेत नाही. प्रीअँप व्हॉल्व्हचा आणि पॉवर अँप ट्रान्झिस्टरचा, ही जोडी माळव्याच्या हवेला म्हणूनच मानवते.

आणि माळव्याला चांगलं ऐकण्याची ओढ जुनी आहे. उज्जैन १८१० पर्यंत शिंद्यांची राजधानी होती. शिंद्यांबरोबर आलेली मराठी घराणी इथे रुजली, ग्वाल्हेरच्या गायकीला शिंद्यांनी आश्रय दिला, आणि १९४८ पासून कुमार गंधर्व उज्जैनहून चाळीसेक किलोमीटरवर, देवासला राहत होते. १९५५ मध्ये इंदूरला आकाशवाणी केंद्र सुरू झालं तेव्हा घरोघरचे रेडिओ व्हॉल्व्हचेच होते. तो आवाज एका पिढीच्या कानात बसला. मात्र त्यात लाकडी पेटीचा आणि मध्यम लहरींच्या तोकड्या पट्ट्याचाही वाटा होता. सगळं श्रेय व्हॉल्व्हला देणं मला पटत नाही.

व्हॉल्व्ह व्होल्टेज उत्तम वाढवतो, पण करंट त्याच्याकडे थोडाच. आठ ओहमच्या स्पीकरला हवा असतो करंट, म्हणून व्हॉल्व्हच्या पॉवर अँपला जड आउटपुट ट्रान्सफॉर्मर लागतो. ट्रान्झिस्टरला तो लागत नाही, आणि स्पीकरच्या कोनवर त्याची पकड घट्ट राहते. डग्ग्यावरची मींड ऐकताना हा फरक स्पष्ट कळतो: थाप कुठे संपली आणि घुमारा कुठे सुरू झाला, हे वेगळं ऐकू येतं.

पण दोन चांगली यंत्रं तारेने जोडली की जोडी जमली, असं होत नाही. व्हॉल्व्ह प्रीअँपच्या शेवटी एक कंडेन्सर असतो. तो प्लेटचं डीसी व्होल्टेज अडवतो आणि गाणं पुढे जाऊ देतो. पुढचा अँपही व्हॉल्व्हचा असेल तर त्याचा इनपुट इम्पीडन्स एक लाख ओहमच्या घरात असतो. तिथे ०.२२ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर ७ हर्ट्झपर्यंत सगळं सोडतो. तोच प्रीअँप दहा हजार ओहमच्या ट्रान्झिस्टर अँपला जोडला की ही सीमा ७२ हर्ट्झवर येते, आणि त्या सीमेवर ताकद निम्मीच उरते. आता गवयाचा षड्ज काळी एक धरा. तानपुऱ्यातल्या खर्जाच्या तारेचं मूळ कंपन ६९ हर्ट्झ, म्हणजे सीमेच्याही खाली. तानपुऱ्याचा झंकार वरच्या स्वरांशांत असल्यामुळे तो ऐकू येत राहतो, पण बैठकीचा खालचा भरणा जातो. मग माणूस म्हणतो, ‘ट्रान्झिस्टर कोरडा वाजतो.’ दोष ट्रान्झिस्टरचा नसतोच. कंडेन्सर दोन-तीन मायक्रोफॅरडचा घातला की खर्ज परत येतो. शिवाय प्रीअँपच्या आउटपुट इम्पीडन्सपेक्षा पॉवर अँपचा इनपुट इम्पीडन्स निदान दहापट असावा. साध्या ईसीसी८३ च्या प्लेटवरून थेट सिग्नल काढला तर हे जमणं अवघड. कॅथोड फॉलोअर घातला की आउटपुट इम्पीडन्स हजार ओहमच्या आत येतो. प्रीअँप विकत घेताना हा आकडा आधी विचारावा, व्हॉल्व्ह कोणत्या देशातला हे नंतर.

‘व्हॉल्व्हचा गोडवा’ म्हणतात त्याला शास्त्रीय आधार म्हणून रसेल हॅम यांचा १९७३ चा निबंध बहुतेक वेळा पुढे केला जातो. ट्रायोड व्हॉल्व्हमध्ये दुसरा स्वरांश प्रबळ निघतो, ट्रान्झिस्टरमध्ये तिसरा, असं त्यांना आढळलं होतं. दुसरा स्वरांश म्हणजे त्याच स्वराचं वरचं सप्तक, तिसरा म्हणजे त्या सप्तकातला पंचम; मूळ स्वरात सप्तक जास्त बेमालूम मिसळतं हे गाणाऱ्याला सांगायला नको. पण हॅम यांनी तपासले होते ते स्टुडिओतले मायक्रोफोनचे प्रीअँप, तेही ओव्हरलोड होताना. घरच्या प्रीअँपमधून एखादा व्होल्टच जातो, तिथे चांगल्या रचनेत ही भर नगण्य असते. तुलना करायची तर दोन्ही प्रीअँपचा आवाज मीटरने मोजून सारखा ठेवावा. किंचित मोठा आवाजही कानाला गोड लागतो, आणि निवाडा तिथेच फसतो.

उरली आपल्याकडच्या विजेची गोष्ट. ६.३ व्होल्टच्या हीटरला दहा टक्क्यांचा फरक चालतो. व्होल्टेज त्याहून खाली-वर होत असेल तर हीटरला रेग्युलेटेड डीसी द्यावा, हमही कमी होतो. सुरू करताना आधी प्रीअँप, मिनिटभराने पॉवर अँप. बंद करताना उलट. कारण व्हॉल्व्ह तापत असताना प्रीअँपच्या शेवटचा तो कंडेन्सर प्लेटच्या शे-दोनशे व्होल्टपर्यंत चार्ज होतो, त्याचा धक्का पॉवर अँपमधून स्पीकरला बसतो आणि कोन बाहेर फेकला जातो. लाइट जाऊन परत येते तेव्हा दोन्ही यंत्रं एकदमच सुरू होतात. तेव्हा पॉवर अँपला उशिरा जोडणारा रिले नसेल, तर लाइट गेल्याबरोबर अंधारात चाचपडत का होईना, आधी त्याचं बटण बंद करायचं.