मुक्तिनाथला पोहोचायची घाई नको
सीमेपलीकडे दुचाकीवरून : लेखांक ६

पोखरा ते जोमसोम हे अंतर नकाशावर दीडशे-एकशे साठ किलोमीटर दिसतं. पुण्याहून कोल्हापूरला जाणारा दुचाकीस्वार याहून जास्त अंतर दुपारच्या जेवणाआधी कापतो, त्यामुळे नेपाळचा बेत पहिल्यांदाच आखणारा माणूस पोखरा-जोमसोम-मुक्तिनाथ हा सगळा पल्ला बिनदिक्कत एका दिवसात बसवतो. बेनीपर्यंत गणित जुळतं. तिथून पुढे रस्ता काली गंडकीच्या घळीत शिरतो. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला खोल पात्र, मध्येच रस्त्यावरून वाहणारा ओढा आणि समोरून येणारी जीप. अशा वाटेवर ताशी वीस-पंचवीस किलोमीटर पडले तरी ते भरपूर. गेल्या काही वर्षांत हा रस्ता पुष्कळ रुंद झाला, सुधारला, पण दर पावसाळ्यात तो कुठे ना कुठे तुटतो आणि पुन्हा बांधला जातो.

म्हणून नेपाळमध्ये दिवसाचा हिशेब उजेडाच्या तासांवर करायचा असतो. नोव्हेंबरच्या मध्यावर पोखऱ्याला संध्याकाळी सव्वापाचच्या सुमारास सूर्य मावळतो. डोंगरांच्या सावलीत अंधार त्याआधीच दाटतो. सकाळी सातला निघून दुपारी दोन-तीनला मुक्कामावर पोहोचणं हा तिथला शहाणा दिवस. त्यातून चहा, फोटो, रस्त्याचं काम संपण्याची वाट पाहणं आणि जेवण वजा केलं की प्रत्यक्ष गाडी चालवायला पाच तास उरतात. पाच तासांत जेवढं होईल तेवढंच त्या दिवशीच्या रकान्यात लिहावं.

मागच्या लेखांकात कार्नेची, म्हणजे गाडी तात्पुरती परदेशात नेण्याच्या सीमाशुल्क कागदपत्राची, अनामत आणि त्यासाठीची धावपळ आपण पाहिली. नेपाळच्या वाटेवर त्यातलं काहीच नाही. भारतीय नोंदणीच्या गाडीला कार्ने लागत नाही, भारतीय नागरिकाला व्हिसा लागत नाही, वाहन परवाना आपलाच चालतो आणि गाडी डाव्या बाजूनेच चालवायची असते. परदेशातली पहिली लांब फेरी करणाऱ्याने हाच देश निवडावा, असं या लेखमालेचं स्पष्ट मत आहे. अडचण एकच आहे : सगळं सोपं असल्यामुळे माणूस बेत आखताना निष्काळजी होतो.

मोसम निवडताना तर अजिबात सूट घेऊ नये. जूनच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत तिथला पावसाळा असतो आणि त्या काळात डोंगर अक्षरशः रस्त्यावर उतरतात. १२ जुलै २०२४ च्या पहाटे नारायणगढ-मुग्लिन रस्त्यावर सिमलतालजवळ दरड कोसळली आणि प्रवाशांनी भरलेल्या दोन बस त्रिशूली नदीत वाहून गेल्या. त्याच वर्षी सप्टेंबरच्या अखेरच्या अतिवृष्टीने बी. पी. राजमार्गाचे लांबच लांब तुकडे खरवडून नेले. हा रस्ता जपानच्या मदतीने बांधून २०१५ मध्ये पूर्ण झाला होता. जळगाव जिल्ह्यातल्या वाचकांना २३ ऑगस्ट २०२४ ची तारीख सांगायला नको. पोखऱ्याहून काठमांडूकडे निघालेली त्यांच्या जिल्ह्यातल्या भाविकांची बस तनहुँ जिल्ह्यात मर्स्यांगदी नदीत कोसळली आणि पंचवीसहून अधिक जण गेले. पोखरा-काठमांडू हा अतिशय वर्दळीचा डोंगरी मार्ग आहे. तो रात्री चालवायचा नाही आणि दिवसाही त्यावर कोणाशी वेळेची पैज लावायची नाही.

उरतात दोन खिडक्या : मार्च-एप्रिल आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर. वसंतात हवेत धुरकट थर असतो, हिमशिखरं अनेकदा दिसतच नाहीत. शरद ऋतूत आकाश निवळतं, पण दसऱ्याच्या सुमाराला दशैं येतो. त्या दिवसांत सारा देश आपापल्या गावी परततो, बसगाड्या ओसंडून वाहतात आणि गॅरेजवाला मिस्त्रीही घरी गेलेला असतो. दिवाळी, म्हणजे तिथला तिहार, उलटून गेल्यावरचे तीन आठवडे सर्वांत चांगले. महाराष्ट्रातल्या नोकरदाराला दिवाळीच्या सुट्टीला जोडून रजा काढणंही त्यातल्या त्यात सोपं जातं.

रजा वीस दिवसांची असेल तर ती उत्तर प्रदेशच्या महामार्गावर खर्च करू नये. पुण्याहून गोरखपूर सुमारे सोळाशे किलोमीटर. येण्याजाण्यात आठ दिवस आणि बराचसा उत्साह तिथेच संपतो. गाडी रेल्वेने गोरखपूरला पाठवता येते. पुण्याहून गोरखपूर एक्सप्रेस आहे, मुंबई, नाशिक, भुसावळकरांना कुशीनगर एक्सप्रेस आहे. आरसीची प्रत आणि ओळखपत्र द्यावं लागतं, पेट्रोलची टाकी पूर्ण रिकामी करावी लागते, आरसे काढून पिशवीत टाकायचे आणि गाडीला गोणपाट व फोमचं चांगलं पॅकिंग करून घ्यायचं. पार्सल कार्यालयात आठवडाभर आधी चौकशी केलेली बरी. गोरखपूरहून सुनौली शंभर किलोमीटरच्या आत आहे.

गाडी कोणती, हा प्रश्न मित्रमंडळींत सर्वांत जास्त चघळला जातो आणि त्याचं महत्त्व सर्वांत कमी आहे. दीडशे-दोनशे सीसीची, हाताखालची, नुकतीच सर्व्हिसिंग झालेली गाडी पुरते. चाकणला बनणारी पल्सर नेपाळच्या रस्त्यांवर जागोजागी दिसते, त्यामुळे बुटवल, नारायणगढ, पोखरा इथे तिचे भाग आणि ती खोलणारे हात दोन्ही मिळतात. बेनीच्या पुढे मात्र स्वतःची सोय हवी : क्लच आणि ॲक्सिलरेटरची केबल, एक प्लग, क्लच-ब्रेकची लिव्हर, ट्यूब, पंक्चरचं सामान. जड गाडी चिखलात आडवी झाली की ती एकट्याने उचलता येत नाही, हे मोठ्या इंजिनाच्या मोहात पडणाऱ्यांनी ध्यानात घ्यावं.

आता वाट. सुनौली ओलांडली की भैरहवा, आणि तिथून वाकडी वाट करून लुंबिनी. पहिला मुक्काम तिथेच करावा. सीमेवरच्या रांगा आणि धूळ अंगावर घेऊन त्याच दिवशी घाटात शिरण्यात अर्थ नाही. दुसऱ्या दिवशी बुटवलपासून सिद्धार्थ राजमार्ग तिनाऊ नदीच्या घळीत चढायला लागतो. सिद्धबाबा मंदिराजवळचा टप्पा दगड पडण्यासाठी कुप्रसिद्ध आहे आणि म्हणूनच तिथे बोगद्याचं काम हाती घेण्यात आलं. तो टप्पा सकाळी, न थांबता पार करावा.

बहुतेक जण इथून थेट पोखरा गाठतात आणि तानसेन हुकवतात. पाल्पा जिल्ह्यातलं हे डोंगरमाथ्यावरचं नेवार बाजारपेठेचं गाव ढाका कापडासाठी नेपाळभर ओळखलं जातं. नेपाळी टोपीचं रंगीत विणकाम ते हेच. गावाच्या उतारावरून खाली काली गंडकीच्या काठी राणी महाल आहे. पाल्प्याला रवानगी झालेल्या खड्ग शमशेर राणाने तो एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पत्नीच्या स्मरणार्थ बांधला. दोन रात्री इथे द्याव्यात. पुढच्या प्रवासात जी नदी आठवडाभर सोबत करणार आहे तिची ओळख इथेच होते, आणि पहिल्या दोन दिवसांत गाडीचं जे काही खडखडायला लागलं असेल ते बुटवल जवळ असतानाच दुरुस्त करता येतं.

पोखऱ्याला दोन-तीन दिवस. मुस्तांगकडे, म्हणजे जोमसोम-मुक्तिनाथच्या बाजूला, जाण्यासाठी अन्नपूर्णा संरक्षण क्षेत्राचा परवाना इथे काढून घ्यायचा. सार्क देशांच्या नागरिकांना त्याचा दर कमी आहे.

आणि मग काली गंडकी. डावीकडे ८,१६७ मीटरचा धवलागिरी, उजवीकडे ८,०९१ मीटरची अन्नपूर्णा, आणि या दोन्हींच्या मधून नदी वाट काढते. तातोपानीला गरम पाण्याचे झरे आहेत. पहिल्या दिवशी तिथेच थांबावं. दानाजवळचा रुप्से धबधबा ओलांडून घासा मागे पडलं की शंभर किलोमीटरच्याही आत सगळा देश बदलतो. हिरवं, ओलं रान संपतं आणि करड्या मातीचा, रुंद पात्राचा कोरडा प्रदेश लागतो, कारण मोसमी ढग दक्षिणेकडच्या उतारांवरच रिते झालेले असतात. या पात्रात दुपारपूर्वीच वारा सुटतो. उन्हाने उत्तरेचं पठार तापतं, वरची हवा हलकी होते आणि खालच्या दऱ्यांतली हवा या अरुंद घळीतून वर ओढली जाते. तो वारा वाळू घेऊन येतो आणि आडवा लागला तर दुचाकी सरळ ठेवणं कठीण करतो. जोमसोमची विमानं सकाळीच उडतात ती याच वाऱ्यामुळे. विमानाला जो नियम तोच दुचाकीला लावावा : घासाच्या वर अकरानंतर गाडी उभी.

दुपार मोकळी मिळाली की ती घालवायला मार्फासारखं गाव नाही. पांढऱ्या दगडी भिंती, फरसबंद गल्ली, गल्लीच्या खालून वाहणारं पाणी, छपरांवर रचलेली लाकडं आणि चहूकडे सफरचंदाच्या बागा. थकाली लोकांच्या हातचं फापराचं ढिंडो आणि डाळ-भात-तरकारीची थाळी खाऊन माणूस इथे सहज दोन रात्री राहतो. एकाई कावागुची हा जपानी भिक्षू १९०० साली इथे काही महिने राहिला होता. त्याला तिबेटला जायचं होतं, परक्यांना तिथे बंदी होती. मुस्तांगात राहून त्याने भाषा आणि धर्मग्रंथांचा अभ्यास केला, पहारा नसलेली वाट कोणती याची चौकशी केली, आणि मगच तो निघाला. तो राहिला ते घर आज संग्रहालय आहे.

मार्फ्याला थांबण्याचं आणखी एक सबळ कारण आहे, ते उंचीचं. बेनी समुद्रसपाटीपासून जेमतेम आठशे-साडेआठशे मीटरवर, मार्फा अडीच हजारांच्या वर आणि मुक्तिनाथ ३,७०० मीटरहून उंच. एका दमात इतकं वर गेलेल्या माणसाचं डोकं ठणकतं, मळमळतं, झोप लागत नाही, आणि अशा अवस्थेत परतीचा उतार चालवणं धोक्याचं असतं. अडीच-तीन हजार मीटरच्या वर झोपण्याची उंची एका रात्रीत चारशे-पाचशे मीटरहून अधिक वाढवू नये, असा गिर्यारोहणातला सर्वमान्य नियम आहे. त्यामुळे मुक्काम कागबेनी किंवा जोमसोमला ठेवावा, पहाटे मुक्तिनाथला जावं, एकशेआठ धारा आणि पाण्याशेजारी तेवणारी ज्वालामाईची ज्योत पाहावी आणि वारा सुटायच्या आत खाली यावं. ही ज्योत जमिनीतून येणाऱ्या नैसर्गिक वायूवर जळते. खाली पात्रात शाळिग्राम सापडतात. तुळशीच्या लग्नात महाराष्ट्रात ज्याची पूजा होते तो हा काळा दगड म्हणजे टेथिस समुद्रातल्या अमोनाइट या शंखधारी प्राण्याचा जीवाश्म. हिमालय उचलला जाण्याआधी इथे समुद्र होता, याचा पुरावा कित्येक मराठी देवघरांत ठेवलेला असतो.

परतीच्या वाटेवर डुम्रेहून वर चढून बंदीपूरला दोन रात्री राहावं. तिथल्या बाजाराच्या गल्लीत वाहनांना मज्जाव आहे. मग चितवन, आणि महेंद्र राजमार्गाने पुन्हा बुटवल. या बेतात काठमांडू नाही, हे अनेकांना खटकेल. पण त्या खोऱ्याला स्वतःचा आठवडा लागतो आणि तो पायी हिंडण्यात घालवायचा असतो. दोन दिवसांसाठी तिथल्या गर्दीत दुचाकी घालण्यापेक्षा ते शहर पुढच्या खेपेला ठेवावं.

पैशांबद्दल थोडं. एका भारतीय रुपयाला १.६० नेपाळी रुपये हा दर १९९३ पासून स्थिर आहे. दुकानदाराने भाव सांगितला की तो आयसीत की एनसीत, म्हणजे भारतीय की नेपाळी रुपयांत, हे लगेच विचारावं. शंभराच्या नोटा सोबत ठेवाव्यात. २०२४ पासून नेपाळच्या ‘फोनपे’ (Fonepay) सेवेच्या क्यूआरवर भारतीय यूपीआयने पैसे देता येतात, पण बेनीच्या वर नेटवर्कवर भिस्त ठेवू नये. दारू पिऊन गाडी चालवण्याविरुद्ध तिथल्या पोलिसांची ‘मापसे’ तपासणी कडक असते.

गाडीच्या विम्याकडे मात्र जवळजवळ कोणीच पाहत नाही. भारतीय मोटार विमा मुळात भारताच्या हद्दीपुरताच असतो. जादा हप्ता भरून त्याची भौगोलिक व्याप्ती नेपाळ, भूतान, बांगलादेश, श्रीलंका, पाकिस्तान आणि मालदीव यांच्यापर्यंत वाढवून मिळते. तसा शेरा पॉलिसीवर लेखी घ्यावा लागतो. निघण्याआधी हे काम झालंच पाहिजे. स्वतःच्या प्रवास विम्यातही दुचाकी चालवणं आणि डोंगरातून हेलिकॉप्टरने आणणं या दोन्हींचा समावेश आहे का, ते वाचून घ्यावं.

सीमेवर भन्सार, म्हणजे सीमाशुल्क, कार्यालयात मूळ आरसी, वाहन परवाना आणि पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र दाखवायचं. आधार कार्डावर विसंबू नये. गाडी दुसऱ्याच्या नावावर असेल तर त्याचं अधिकारपत्र हवं. किती दिवस राहणार ते सांगून दिवसागणिक शुल्क भरलं की पावती मिळते, आणि एका आर्थिक वर्षात एकूण तीस दिवसांपर्यंत खासगी गाडी तिथे ठेवता येते. मुदत ओलांडली तर दंड बसतो, आणि त्या भीतीने शेवटच्या दिवशी दोन दिवसांचा रस्ता एका दिवसात कापणारे दुचाकीस्वार दर मोसमात दिसतात. दुचाकीचं रोजचं शुल्क फार नाही. बेत सोळा दिवसांचा असेल तर भन्सार वीस दिवसांचं भरा.