फडात उभी ती म्हैस की गवा?



आमचे काम उसाचे. लागण, खोडवा, खताचा हप्ता, तोडीची पाळी याविषयी आम्ही या पानावर नेहमी लिहितो. या खेपेला मात्र जनावराविषयी लिहीत आहोत. कारण ते जनावर आपल्या उसातच येऊन उभे राहते.

डोंगरकडेच्या एका गावातील दोन शेजारी सभासदांची भांडणे आमच्याकडे आली. एकाच्या लागणीचे शेंडे खाल्लेले, सऱ्या तुडवलेल्या. त्याचे म्हणणे, "साहेब, शेजाऱ्याची म्हस रोज रातचं दावं तोडून येतीया. आता घावली की आमच्याच दावणीला बांधतो." शेजारी शपथ घ्यायला तयार. दोघांचे बांधावरचे बोलणे बंद झाले. पुढे एका रात्री पाण्याच्या पाळीला तक्रारदार स्वतः फडाकडे गेला. बॅटरीच्या उजेडात काळी पाठ दिसली, तसा काठी उगारून "हैक, हैक" करीत पुढे सरकला. जनावराने मान वर केली, नाकातून शिट्टीसारखा फूत्कार टाकला आणि उजेडात त्याचे गुडघ्याखालचे पांढरे पाय दिसले. गडी मोटार तशीच चालू ठेवून मागे फिरला, म्हणून बचावला. तो गवा होता.

ओळख चुकली की अशी दुहेरी आफत येते. विनाकारण शेजाऱ्याशी वैर होते आणि म्हैस हाकलायला म्हणून गेलेला माणूस जिवाला मुकतो.

पुष्कळजण गव्याला रानम्हैस म्हणतात, कोणी रानरेडा म्हणतात. खरे पाहता गवा हा म्हशीच्या नव्हे, गायीच्या गोतातला आहे. गायीच्या पेशीत 60 गुणसूत्रे असतात, आपल्या म्हशीच्या पेशीत 50. म्हणून गाय आणि म्हैस यांचा संकर होत नाही. गवा मात्र गायीला इतका जवळचा, की ईशान्य भारतात पाळला जाणारा मिथुन हा गव्याच्याच वंशातला मानतात.

ओळखीच्या खुणा ध्यानात ठेवाव्यात :

1) पाठ : गव्याच्या खांद्यापासून पाठीच्या मध्यापर्यंत उंच वरवंडी असते आणि तेथून ती एकदम खाली उतरते. आपल्या म्हशीला अशी वरवंडी नसते. उसात पाय झाकलेले असले तरी ही खूण लांबून दिसते.

2) शिंगे : गव्याची शिंगे बाजूला निघून वर आणि आत वळतात, बुडाशी पिवळसर, टोकाला काळी. दोन शिंगांच्या मध्ये कपाळावर राखी-पिवळट उंचवटा असतो. म्हशीची शिंगे चपटी व आडव्या वळ्यांची. पंढरपुरीची तलवारीसारखी मागे खांद्यापलीकडे जातात, मुऱ्हाची आवळून वळलेली असतात.

3) पाय : गव्याचे चारही पाय गुडघ्याखाली पांढरट, जणू मोजे घातलेले.

4) रंग व केस : नर गवा काळा, मादी तपकिरी, पिल्लू तांबूस-पिवळसर. अंगावर आखूड तुकतुकीत केस. आपल्या म्हशीचे केस विरळ आणि कातडी उघडी दिसणारी.

5) आकार : पंढरपुरी म्हैस सव्वाचार फुटांच्या आसपास उंच, वजन चारशे किलोंच्या पुढे-मागे. मोठा नर गवा खांद्याजवळ सहा फुटांपर्यंत आणि वजनाला टनाच्या घरात. एक टन म्हणजे काय ते ऊस घालणाऱ्याला वेगळे सांगायला नको.

नुसत्या खुराच्या ठशावरून मात्र निवाडा करू नये. चिखलात ठसा पसरतो आणि माणूस फसतो.

मग खरी रानम्हैस कोणती? ती आपल्या म्हशीची मूळ रानटी जात. शिंगे फार लांब, पसरलेली, आणि तिचेही पाय मळकट पांढरे असतात. म्हणून एकट्या पायांवर विसंबू नये, पाठ व शिंगेही पाहावीत. आपल्या राज्यात ती गडचिरोली जिल्ह्यात, छत्तीसगडच्या सीमेजवळ कोलामार्का भागात आहे. 2013 साली तो संवर्धन राखीव म्हणून जाहीर झाला. देशात तिची मोठी संख्या आसामात, काझीरंगाकडे. कोल्हापूर-सांगलीकडच्या उसात ती येत नाही.

आफ्रिकेची रानम्हैस आणखी निराळी. तिच्या शिंगांची बुडे कपाळावर टोपीसारखी जुळलेली असतात आणि ती कधी माणसाळली नाही. बायसन हा अमेरिका व युरोपातला केसाळ प्राणी. इंग्रज शिकाऱ्यांनी आपल्या गव्यालाच बायसन म्हटले आणि ते नाव चिकटले. राधानगरीचे जंगल 1958 साली अभयारण्य झाले. आजही लोक त्याला दाजीपूरचे बायसन अभयारण्य म्हणतात. तेथे आहे तो गवाच.

गवा फडात दिसला तर काय करावे? जवळ जाऊ नये, काठी-दगड मारू नये, कुत्री सोडू नयेत. पिल्लू दिसले तर आई जवळपास आहे असे धरून चालावे. त्याला रानाकडची वाट मोकळी ठेवावी आणि वनखात्याला कळवावे. गर्दी करून पाठलाग करणे हे सर्वांत वाईट. डिसेंबर 2020 मध्ये पुण्याच्या कोथरूड भागात शिरलेला गवा लोकांच्या धावपळीत दमून मेला. मुके जनावर घाबरले की स्वतः मरते, नाहीतर माणसाला मारते. तोडीच्या वेळी फडात गवा असल्याची शंका आली तर टोळीने चारही बाजूंनी तोड घालू नये. आमच्या गट ऑफिसला आधी सांगावे; पाळी मागे-पुढे करता येते, गेलेला माणूस परत आणता येत नाही.

गव्याने ऊस खाल्ला तर वनखात्याकडून भरपाई मिळते. त्यासाठी तीन दिवसांच्या आत अर्ज द्यावा, सोबत सातबारा जोडावा, फोटो काढून ठेवावेत आणि पंचनामा होईपर्यंत मोडलेला ऊस हलवू नये. अर्जात "जनावराने खाल्ले" असे मोघम लिहू नये. "गवा" असे स्पष्ट लिहावे व पाहिलेल्या खुणा सांगाव्यात. पाळीव म्हशीने केलेल्या नुकसानीला ही भरपाई नाही, म्हणून एका शब्दाने काम अडते.

वरच्या दोन शेजाऱ्यांचे पुढे काय झाले, असे कोणी विचारील. ज्याच्या म्हशीवर आळ आला होता, तोच पंचनाम्याला साक्षीदार म्हणून उभा राहिला. सही करताना एवढेच म्हणाला, "आमची म्हस त्या रातीबी दावणीलाच हुती." आता दोघे पाण्याच्या पाळीला बरोबर जातात. आमचे सर्व सभासदांना तेच सांगणे आहे. डोंगरकडेच्या शिवारात रात्रीचे एकट्याने जाऊ नका, आणि अंधारात काळे दिसले म्हणून ती आपली म्हैस समजू नका.

— ऊस विकास अधिकारी